माहेरच्या संत्र्यांचा रस

नव्या फ्लॅटच्या पार्टीत पाहुण्यांना बाटलीतलं कोल्ड्रिंक नाही, नरखेडहून बाबांनी पाठवलेल्या संत्र्यांचा रसच द्यायचा, हे दीपमालाने नवऱ्यापुढे, जितेंद्रपुढे, आधीच जाहीर करून टाकलं होतं. "दोन-चार बाटल्या असू दे वं घरात," सासूबाई शोभाताई म्हणाल्या होत्या. पण माहेरच्या बागेचा विषय निघाला की दीपमाला कुणाचं ऐकेल तर शपथ!

सकाळीच तिने सोललेल्या फोडी बियांसकट मिक्सरमधून फिरवल्या, गाळल्या आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. संध्याकाळी चाखून पाहिलं तर रस कडूजार. बागायतदाराची लेक खरी, पण माहेरी संत्रं सोलायचं आणि तोंडात टाकायचं. रस काढत बसतो कोण?

शोभाताईंनीही चमचाभर चाखला. "बाटल्या आणवू का? जितेंद्र खालीच आहे."

"नाही आई. बाबा येऊन राहिले. हा रस दिला तर लोक म्हणतीन, रामाजीचे संत्रेच कडू. अन् बाटल्या दिल्या तर बाबाले काय वाटन?"

तिने टोपलीतलं एक संत्रं सोललं. फोड गोड. मग मुद्दाम बी चावली आणि चोर सापडला. पातेलं तिने सरळ मोरीत रिकामं केलं, हॉलमध्ये चादर अंथरली आणि मधोमध टोपली ठेवली.

पाहुणे नटूनथटून आले. "बसा खाली," दीपमाला म्हणाली. "ज्याले रस पाहिजे, त्यानं सोलायचं अन् बिया काढायच्या." जितेंद्रचे साहेब क्षणभर बावचळले, मग त्यांनी बाह्या सारल्या. दीपमाला फोडी मलमलीत पिळत होती, काळं मीठ, पुदिना, बर्फ घालून ग्लास भरत होती. भरजरी साडीतल्या शोभाताई साहेबांवरच डाफरल्या, "बी राहिली पाहा!" हसण्याने हॉल दणाणून गेला.

तेवढ्यात रामाजी आले आणि हे दृश्य पाहून दारातच थबकले. दीपमालाने त्यांच्या हातात ग्लास दिला. त्यांनी तो सावकाश संपवला.

"कसा झाला बाबा?"

"मले काय विचारून राहिली वं पोरी? उभी जिंदगी संत्रे पिकवले. रस आजच पेलो."

शोभाताईंनी रामाजींच्या हातातला रिकामा ग्लास काढून घेतला, "बसा भाऊ," म्हणाल्या, आणि टोपलीतलं सगळ्यात मोठं संत्रं त्यांच्यासाठी सोलायला घेतलं.