वाईट तेवढं सांगू नकोस

पोहायला शिकवणाऱ्या माणसाच्या कानाला जखम झाली की तो गॉगलच्या पट्ट्याला दोष देतो. मास्तरांनीही तेच केलं. उजव्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. त्यांनी पट्टा बदलला, मलम लावलं आणि उघड्या तलावावरचे दुपारचे वर्ग चालूच ठेवले.

कानाचा तुकडा काढून तपासल्यावर त्वचेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्वचेचा कॅन्सर आहे. अर्धा कान काढावा लागेल, मानेत लागतेय ती गाठही. तुमच्या जुन्या ल्युकेमियात हा जास्त होतो, पसरतोही लवकर. म्हणून तर ऊन टाळा, दरवर्षी त्वचा दाखवा, असं सांगितलं होतं ना?"

"मला? कधी?"

"रक्ताच्या डॉक्टरांनी. यांना सांगितलंय."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती पर्सची चेन उघडझाप करत होती.

रक्ताचा तो कॅन्सर, ल्युकेमिया, निघाला तेव्हा मास्तरांची झोप उडाली होती. औषध नको, नुसतं लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून रक्त देऊन मास्तर बाहेर बसायचे, आत बायको जायची. "वाईट तेवढं सांगू नकोस," असं त्यांनीच तिला बजावलं होतं. ती बाहेर येऊन म्हणायची, "आहे तसंच आहे." मग दोघं आइस्क्रीम खायचे.

"अहो, तुम्हीच म्हणाला होतात," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"आजाराचं म्हणालो होतो. उन्हाचं नाही."

"टोपी आणून दिली होती की मी."

"मला वाटलं, माझ्या टकलाची लाज वाटते तुला!"

तिला हसू फुटलं आणि लगेच रडू आलं. "कॅन्सर हा शब्द पुन्हा तुमच्या कानावर घालायचा धीर नव्हता हो."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"लेकीला."

सकाळीच लेकीशी ते फोनवर बोलले होते. कानाची काळजी घ्या, इतकंच ती म्हणाली होती. बायकोने हात पुढे केला. मास्तर बाजूला सरकले.

नर्स तारीख द्यायला आली. "ऑपरेशननंतर काय निघालं ते कोणाला सांगायचं?"

बायको पुढे झाली.

"मला," मास्तर म्हणाले. "शुद्धीवर आलो की."

"आणि मध्येच काही विचारायची वेळ आली तर?"



"तेवढं हिला विचारा," मास्तर म्हणाले. "पण मला काय सांगायचं, ते हिच्यावर सोडू नका."