झाकणाखालचे साडेआठशे

ऑरिन स्टकी माझं भलं चिंतत असावा, असा संशय मला पहिल्यांदा आला तेव्हा मी तो लगेच झटकून टाकला. मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करतो. लोक खोटं बोलतात यावर माझं घर चालतं. असले भलते संशय मला परवडत नाहीत.

आमचं गाव इंडियानाच्या उत्तरेला, मक्याच्या दोन शेतांमध्ये जेवढं मावतं तेवढंच. दर शनिवारी संध्याकाळी रूट बिअरवाल्याच्या आवारात (नावाला बिअर, पण असतं बिनदारूचं गोड पेय) जुन्या दणकट गाड्या येऊन उभ्या राहतात. बोनेट उघडं, मालक शेजारी खुर्चीत. बोनेट उघडं असलं तरी इंजिनावरच्या एअर फिल्टरचं गोल झाकण मात्र बंद असतं. ते दोन कानांच्या एका नटानं बसवलेलं असतं आणि तो नट बोटांनीच सुटतो. तरी दुसऱ्याच्या गाडीचा तो नट कुणी सोडत नाही. तसा नियम कुठं लिहिलेला नाही. दुसऱ्याच्या बायकोचं वय विचारू नये हेही कुठं लिहिलेलं नाही.

त्या झाकणाखाली कार्बोरेटर असतो. तो हवेत पेट्रोल कालवून इंजिनाला भरवतो. मिनिटाला किती घनफूट हवा गिळू शकतो, त्यावरून त्याचा आकडा ठरतो. सहाशेचा, साडेसातशेचा, साडेआठशेचा. हा आकडा आमच्याकडे पुरुष एकमेकांना जरा आवाज खाली करून सांगतात.

माझी डॉज कोरोनेट अडुसष्टची. ऑरिनची पिवळी प्लिमथ, इंजिन अगदी तेच. वसंतात मी त्याला विचारलं होतं, "ऑरिन, तुझ्या इंजिनावर काय आहे?"

"साडेआठशे," तो म्हणाला. त्याच्या झाकणावर तो आकडा तांबड्या रंगात रंगवलेलाही होता.

मी साडेआठशेचा आणला आणि बसवला. तेव्हापासून डॉज सिग्नलला आचके देऊ लागली. उभी असताना थरथरायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक मोठा आवंढा गिळायची आणि बंद पडायची. ऑरिनची प्लिमथ मात्र शेजारी मांजरासारखी गुरगुरत उभी असायची.

सप्टेंबरात, चर्चहून येताना, डॉज रेल्वेच्या रुळांवर बंद पडली. नोरीन, माझी बायको, शेजारी होती.

"व्हर्न, गाडी आली," ती म्हणाली.

"बंद पडलीय. आली कुठली?"

"ही नाही. ती."

ती आगगाडी अजून धान्याच्या कोठारांपलीकडे होती, हे मी नोरीनला नंतर पुष्कळदा समजावलं. त्या वेळी आम्ही दोघांनी मिळून डॉज रुळांपलीकडे ढकलली. नोरीनच्या पायात चर्चचे बूट होते. मग तिनं पर्स उचलली आणि ती घरापर्यंत चालत आली. मी गाडी सुरू करून तिच्या शेजारून हळूहळू येत होतो, तर तिनं मला ओळखसुद्धा दाखवली नाही.

जेवताना ती शांतपणे म्हणाली, "ऑक्टोबरात माझ्या भाचीचं लग्न आहे, फोर्ट वेनला. तुझ्या डॉजनं जाऊ. जाऊन येईपर्यंत एकदाही बंद पडली नाही, तर हिवाळाभर गॅरेज तिचं. पडली, तर माझ्या ब्यूइकचं."

गॅरेज एकाच गाडीचं. हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि ते मीठ जुन्या पत्र्याला वाळवीसारखं खातं. अंगणात काढलेल्या एका हिवाळ्यानंतर डॉजच्या दरवाजांतून पलीकडचं दिसलं असतं.

त्या आठवड्याच्या शनिवारी ऑरिन माझ्याजवळ आला. "ऐकलं रे रुळांवरचं. वाईट झालं. पण काय आहे, कधी विकायची झाली, तर आधी मला सांग हं."

आता प्रकरण स्पष्ट झालं. लाभ कुणाचा हे कळलं की चौकशी निम्मी संपते. माणसानं मला मुद्दाम नाकापेक्षा जड मोती घालायला लावला होता, आणि आता तो नाक स्वस्तात मागत होता. पण एक गोष्ट जुळत नव्हती. तोच मोती त्याच्या नाकाला जड कसा होत नव्हता?

बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं मी त्याच्या गाडीमागं वाकलो आणि सायलेन्सरच्या नळीत कागदी रुमाल फिरवला. फिकट राख निघाली. माझ्या नळीतून अर्धवट जळलेल्या पेट्रोलची काजळी निघते, चुलीच्या धुराड्यासारखी.

"काही पडलं का?" ऑरिननं विचारलं.

"नाडी."

"तुझे बूट बिननाडीचे आहेत, व्हर्न."

सोमवारी मी हर्शेलकडे गेलो. त्याचं सुट्या भागांचं दुकान आहे, आणि तो आमच्या चर्चचा खजिनदारही आहे. मी त्याला गाडीचं रडगाणं सांगितलं.

"चालवतोस कुठं?" त्यानं विचारलं.

"रूट बिअरवाल्यापर्यंत."

"आणि तिथून?"

"घरी."

"म्हणजे शर्यतीत नाही. मग सहाशेचा घे. त्याच्या चार घशांपैकी पुढचे दोन नेहमी चालतात, मागचे दोन इंजिनाला खरंच भूक लागली तरच उघडतात. तुझ्या पायाला किती घाई आहे याला ते भीक घालत नाहीत. साडेआठशेचा घसा एवढा रुंद, की गावातल्या वेगात हवा त्यातून रमतगमत जाते, पेट्रोल तिच्यात नीट कालवलंच जात नाही. मग तू एकदम पाय दाबतोस आणि तिला ठसका लागतो."

सहाशेचा बराच स्वस्त होता. महागाचा सोडून स्वस्तातला माल पुढं करणारा दुकानदार मी आयुष्यात पाहिला नव्हता. हा माल पडून असणार, याबद्दल माझी खात्री झाली.

"ऑरिनला साडेआठशे कसा चालतो?" मी विचारलं.

हर्शेल फडक्यानं काउंटर पुसू लागला. काउंटर स्वच्छ होता. "चालत असेल."

"त्यानं इथूनच घेतला ना?"

"हे बघ गड्या, चर्चच्या दानाच्या थाळीत कोण किती टाकतं ते मी सांगत नाही. झाकणाखाली कोण काय टाकतं तेही नाही."

एवढं बोलून जो माणूस काही सांगत नाही, त्यानं बरंच सांगितलेलं असतं.

पुढच्या शनिवारी ऑरिन सँडविच आणायला खिडकीपाशी गेला. रांग मोठी होती. मी सहज फिरत प्लिमथपाशी गेलो, इकडं तिकडं पाहिलं आणि नट सोडला. झाकण उचललं. वरती तांबड्या रंगातले साडेआठशे, आणि खाली माझ्यापेक्षा बराच लहान, स्वच्छ, आटोपशीर कार्बोरेटर. त्याच्या गळ्यावर नंबर ठोकलेला होता. सहाशेचा.

"फिल्टर मळलाय का?" मागून ऑरिन म्हणाला. त्याच्या हातात दोन सँडविच होती, थाळीएवढा तळलेला मांसाचा तुकडा पावाबाहेर लोंबणारी. एक माझ्यासाठी होतं. संशय घ्यायला एरवी ही उत्तम जागा होती.

"हा सहाशेचा आहे," मी म्हणालो.

"हळू बोल ना."

"तू मला साडेआठशे सांगितलंस."

"तू विचारलंस, तुझ्या इंजिनावर काय आहे. त्याचं उत्तर सगळ्यांचं साडेआठशेच असतं. मी काय बसवू, असं कुठं विचारलंस?" मग त्याचा चेहरा पडला. "अरे, तू खरंच बसवलास की काय?"

मी झाकण परत ठेवून नट आवळला. त्यानं आवारभर नजर फिरवली. तिथल्या प्रत्येक बोनेटाखाली झाकण होतं आणि प्रत्येक झाकणाचा नट घट्ट होता.

"बिचारा," तो म्हणाला आणि सँडविच माझ्या हातात दिलं. "मला वाटलं तू पण आमच्यासारखाच फेकतोयस. रुळांवरचं ऐकलं तेव्हा म्हटलं, याचं इंजिनच गेलं."

मी हर्शेलकडून सहाशेचा आणला. त्यानं काही विचारलं नाही, फक्त पिशवी दुहेरी घातली, आतलं दिसू नये म्हणून.

लग्नाच्या दिवशी फोर्ट वेनपर्यंत प्रत्येक सिग्नलला मी कान टवकारून बसलो होतो. डॉज शांतपणे गुणगुणत होती. बंद पडणारी गाडी मी ओळखतो, पण न पडणाऱ्या गाडीचा काही भरवसा नसतो. नोरीन खिडकीबाहेर मका बघत होती आणि मधूनमधून माझ्याकडे.

"एवढी गप्प का आहे ही?" तिनं विचारलं.

"ट्यूनिंग केलं."

"हं."

परतताना, ऊन अजून होतं तेव्हा, ती रुळांच्या अलीकडे म्हणाली, "थांब इथं." मी थांबलो. "आता बराच वेळ उभी राहू दे. मग एकदम पाय दाब."

आम्ही उभे राहिलो. मागं एक ट्रॅक्टर आला, त्यानं हॉर्न वाजवला आणि वळसा घालून गेला. मी पाय दाबला. डॉजनं आवंढा गिळला नाही, आचका दिला नाही. रूळ ओलांडून ती सरळ घरी आली.

अंगणात नोरीन उतरली. "ठीक. गॅरेज तिचं."

समोरचा माणूस इतक्या सहज सही करत असेल, तर कलमं पुन्हा वाचावीत. "आणि ब्यूइक?" मी विचारलं.

"बाहेर. मला सातला शाळेच्या ऑफिसात पोचायचं असतं. तेव्हा साडेसहाला काचा साफ आणि गाडी गरम. मार्चपर्यंत."

"बर्फ पडला तरच."

"व्हर्न, आपण इंडियानात राहतो."

ती आत गेली आणि काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी घेऊन बाहेर आली. लांब दांड्याची, एका टोकाला ब्रश. कोरी होती, दांड्याला अजून चिठ्ठी लटकत होती.

"ही कधी आणलीस?"

"ऑगस्टमध्ये," नोरीन म्हणाली. "सेल होता."