गोमुखीतला कौल

अरे, ऐका तर खरं! त्या रविवारी आमच्या गोव्यातल्या चोपड्याला एवढी गर्दी, की नदीकाठच्या रस्त्यावर स्कूटर लावायला जागा नाही. पेडण्यातून माणसं, डिचोलीतून माणसं, बांद्याहून टेम्पो भरून आलेली माणसं. कशाला? तर म्हणे गोमुखी महाराजांचा देव स्क्रीनवर लिहून कौल देतो.

आपल्याकडे कौल लावतात तो कसा, मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. महाराज म्हणायचे, "पाकळी बिचारी दोनच शब्द बोलते. कलियुगात देवालाही सविस्तर बोलायचं असतं." म्हणून पाटावर रेशमी कापड, त्यावर हा एवढा टॅब, टॅबला झेंडूची माळ. महाराज चार हात लांब, डोळे अर्धे मिटून बसलेले. उजवा हात जपमाळेच्या पिशवीत, म्हणजे गोमुखीत. आणि कोणी हात न लावता टॅबवर एकेक अक्षर उमटतंय! माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

आमचं तिथं काय काम, तर माझी सुशीला आत्या. तिला साखरेचं दुखणं, मधुमेह. पायाच्या करंगळीला जखम होऊन ती काळी पडलेली. म्हापशाच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, सोमवारी करंगळी काढू. उशीर केलात तर पाऊल जाईल. आत्या म्हणाली, आधी कौल. पप्पांनी समजावलं, मी रडले, ती ऐकेना. शेवटी मीच तिला स्कूटरवर घालून आणलं. मागून दुसऱ्या स्कूटरवर ऋतिका, माझी मैत्रीण, इंजिनिअरिंगला असते ती.

दारात एका बाईने आत्याचं नाव, गाव, दुखणं सगळं वहीत लिहून घेतलं. वही गेली महाराजांच्या मांडीशी. पाच मिनिटांनी टॅबवर काय यावं? 'सुशीला, पायाला सुरी लावू नको. अंगारा लाव.'

आत्याच्या डोळ्यांतून धारा. "बघ गो पल्लवी, देवाक माझं नाव म्हाईत आसा."

मी ऋतिकाकडे बघितलं. ती टॅबकडे बघतच नव्हती. तिची नजर गोमुखीवर. माझ्या कानात म्हणाली, "मणी सरकवायला अंगठा आणि एक बोट पुरे. याची पाचही बोटं गुडघ्यावर नाचतायत. आणि मण्यांचा आवाज कुठाय?"

मी म्हटलं, आता ओरडायचं का? पण आमच्याआधी आत्याच उठली! ती जुन्या वळणाची. कौल मिळाला तरी गाऱ्हाणं घातल्याशिवाय, म्हणजे नारळ धरून देवाला मोठ्याने साकडं घातल्याशिवाय तिला चैन नाही. लंगडत पुढे गेली आणि घरून आणलेला नारळ महाराजांसमोर धरला. तुम्हीच गाऱ्हाणं घाला, माझ्या पायाचं देवाला परत एकदा विचारा, म्हणाली. महाराजांनी डावा हात पुढे केला.

"एका हातान? देवाचो नारळ?" आत्या म्हणाली.

म्हातारी माणसं कुजबुजायला लागली. इलाज नव्हता. घट्ट बूट काढावा तसा महाराजांनी गोमुखीतून हात सोडवला, नारळ दोन्ही हातांत धरला आणि गाऱ्हाणं घातलं. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि टॅब गप्प. एक मिनिट झालं, दोन झाली.

"देव विश्रांती घेतायत," महाराज म्हणाले.

"घेऊ द्या," ऋतिका म्हणाली. "तुम्ही नारळ धरून ठेवा. आम्हाला घाई नाही."

महाराज चोरून गोमुखीकडे बघायला लागले. पण खरी मजा पुढेच. आत्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आत जपमाळ आहे म्हणून तिने ती गोमुखी उचलली आणि भक्तीने कपाळावर घट्ट दाबली. लगेच टॅबवर उमटलं, 'ततततत ममम'.

सगळे टॅबकडे बघतायत. आत्याने घाबरून पिशवी आणखी दाबली. आणखी दहा अक्षरं!

ऋतिकाने आत हात घातला. माळ नाहीच. निघाला एक काळा हातमोजा, प्रत्येक बोटाला एक चकतीसारखं बटण. ती सांगत होती, हा टायपिंगचा हातमोजा. बोटं गुडघ्यावर आपटली की अक्षरं बिनवायरची टॅबवर जातात. आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनात होता असा.

"ते हस्तकवच आहे," महाराज म्हणाले. "सिद्धीचं."

"हो," ऋतिका म्हणाली, "कवचाला चार्जिंगचं भोकही आहे."

लोक हसले, पण आत्या नाही. ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझं नाव वहीतलं." मग तिने महाराजांच्या हातातला नारळ काढून घेतला, मला म्हणाली, "चल. फाल्यां म्हापशाक जावंया."

सोमवारी करंगळी गेली, पाऊल राहिलं. आता आत्या स्वतः बाजारात चालत जाते.

तो हातमोजा वाईट नाही हां. चांगली, कामाची वस्तू. पण ती पिशवीत लपवून तिला देव म्हणायचं, आणि तिच्या सांगण्यावर कुणाचं पाऊल सडू द्यायचं? म्हणून सांगते, कुठेही चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी बघा, समोरच्याचे दोन्ही हात दिसतायत का. आणि दुखणं डॉक्टरला दाखवा, स्क्रीनला नको.

त्या नारळाचं काय झालं? आत्या घरी आली तेव्हा बांगड्याच्या हुमणात, माशाच्या आमटीत घातला. वाया कशाला घालवायचा?