सुटलेली साल

चंबूच्या तळाशी तो तपकिरी थेंब अजून तसाच – बोटभर रुंद, चिकट, चंबू कलता केला की आळसावल्यासारखा एका बाजूला सरकणारा. काचेच्या कांडीने तिने तिसऱ्यांदा तळ खरवडला. खरवडलं की कधीकधी स्फटिक धरतात. आज धरणार नव्हते, हे तिला सकाळपासून ठाऊक होतं. तरी ती खरवडत राहिली, कारण हात चालू असलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

झाडाच्या वाळवलेल्या सालीतलं औषधी अल्कलॉइड द्रावकात उतरवायचं, द्रावक पाण्याने धुवायचा, आणि मग त्यात राहिलेलं पाणी कोरड्या क्षाराने शोषून घ्यायचं... बावीस वर्षं ती हेच करत होती. क्षाराची पांढरी भुकटी वाळूसारखी सुटी फिरली की पाणी संपलं. गोळे झाले की अजून आहे. परवा गोळे झाले होते. पण डबा रिकामा झालेला, नवा आणायचा म्हणजे चिठ्ठी, दोन जिने, स्टोअरवाल्याची कटकट – आणि नेमका तेव्हाच धाकट्या बहिणीचा फोन, की आईने पुन्हा ताट ढकललं, आता तूच ये, माझ्याच्याने होत नाही. मी दमले होते. दुसरं काही नाही. मी गोळ्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, चालेल. इतक्या ठिकाणी चालवून घेतलं, तसं इथेही.

चाललं नाही. त्या उरलेल्या पाण्यामुळे, थंड केल्यावर दाणा धरण्याऐवजी सगळा माल तेलकट होऊन तळाशी बसला.

"कुठेतरी पाणी मुरतंय," सकाळच्या बैठकीत साहेब म्हणाले होते, "आणि ते वाळवणीच्या खोलीतच." सगळे हसले. तीही हसली – हे आठवून आता तिला स्वतःची किळस आली. साल कोरडी असल्याच्या कागदावर सही होती वाळवणीवाल्या काकांची; तीस वर्षं साल तेच वाळवत आले होते. "काकांना सोमवारपासून गेटवर बसवू. वय झालं त्यांचं," साहेब म्हणाले. तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं काय, तर बैठक पुढच्या आठवड्यातही याच वेळी का?

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने त्या तेलातला थोडा भाग ताज्या द्रावकात विरघळवला, भुकटी सुटी फिरेपर्यंत नवा क्षार घातला, गाळलं, द्रावक उडवला, थंड केलं. अर्ध्या तासात सुया आल्या. पांढऱ्या, नाजूक, एकीला एक लागून. सालीत काही खोट नव्हती. इतक्या सुंदर सुया पाहून तिला रडूच आलं असतं, पण रडायलाही त्राण नव्हतं.

वाळवणीच्या खोलीकडे जाताना तिने वाक्य जुळवलं. काका, साल कोरडीच होती, चूक माझी. सहा शब्द. अवघड काय त्यात?

काका ट्रे उपडे करून पुसत होते. तिला पाहताच त्यांनी सालीचा एक तुकडा उचलला.

"बरं झालं ताई, आलात. जरा कान द्या." त्यांनी तिच्या कानाशी तुकडा मोडला. कट्कन आवाज आला. "वाजली?"

"वाजली."

"मी असाच कानाशी मोडून बघतो. तीस वर्षं कागदावर सही केली ती याच्याच जोरावर." ते ओशाळं हसले. "त्या दिवशीची पण वाजली असं मला वाटलं होतं. घरात सगळे म्हणतात, तुम्हाला ऐकू येत नाही. मी भांडायचो. आता काय भांडणार? मघाशी साहेबांना सांगून आलो, माझंच चुकलं."

जुळवलेलं वाक्य तिला एकाएकी अपुरं वाटलं. तिने गप्प राहून या माणसाची खुर्ची हलवली होती, एवढंच तिला वाटत होतं. तिने त्याचा कानच काढून घेतला होता.

"काका, ती साल वाजली होती," ती म्हणाली. अगदी हळू, दाराकडे बघत.

"काय?" काकांनी तळहात कानामागे नेला आणि लगेच, चोरी पकडली गेल्यासारखा, खाली घेतला.

दार सताड उघडं होतं. जेवून परतणाऱ्यांची पावलं बोळात वाजत होती, साहेबांचं हसूही त्यात होतं. आता मोठ्याने म्हणावं लागणार होतं. थकवा होता तितकाच होता, हाडांत भरलेला. फक्त मी दमले होते हे वाक्य आता तिला स्वतःशीसुद्धा म्हणवेना.