धडधाकट गुडघ्यावरचा पट्टा

मित्रांनो, मी गुडघ्याला बांधायचा एक जुना पट्टा आहे. एका फुटबॉल क्लबच्या मालिशच्या खोलीत, दारामागच्या खुंटीला लटकत असतो. माझी हकीकत ऐकून तुम्हाला वाईट वाटले तर वाटू द्या. मला वाईट वाटत नाही, मला राग येतो. म्हातारपणी एवढा राग बरा नव्हे म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड ताणाचे कापड, दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या, मधोमध गुडघ्याच्या वाटीसाठी गोल खिडकी, आणि वर-खाली चिकटपट्ट्या. मला शिवणाऱ्या बाईंनी शेवटचा टाका घातला, मला स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यावर चढवून पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "अगं, कुणीतरी हात धरल्यासारखं वाटतंय!" एवढे कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आले नाही.

क्लबात आलो तेव्हा सुरुवातीला कामही चोख केले. गोलरक्षकाचा सुजलेला गुडघा सांभाळला, एका थोराड बचावपटूला जिना उतरवला. मालिशवाले काका मला कोमट पाण्यात धुऊन, ओल्या मोज्यांच्या रांगेत मानाने वाळत घालायचे.

मग क्लबात एक पोरगा आला. भर वेगात जागच्या जागी वळायचा, म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणत. थोरली बहीण शहर बस चालवायची, तिनेच त्याला वाढवलेले. भिंगरीचा खेळ गाजू लागला आणि राष्ट्रीय संघाचे पत्र आले: खेळाडू पाठवा.

आता यातली गोम ऐका. खेळाडूला पगार देतो क्लब. राष्ट्रीय संघ त्याला उसना नेतो आणि कधीकधी उसन्या भांड्यासारखाच पोचा पाडून परत करतो. पोचा काढायचा खर्च मात्र ज्याचे भांडे त्याचा! मॅनेजरसाहेबांना हे झोंबायचे, आणि खरे सांगतो, त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. चुकले ते पुढे. भांडायचे तिथे भांडले नाहीत. त्यांनी मला खुंटीवरून काढायला लावले.

"काका, बांधा ह्याच्या गुडघ्याला."

"पण साहेब, मला काही झालेलं नाही," भिंगरी म्हणाला.

"होऊ नये म्हणूनच बांधतोय."

"मला जायचंय हो. ताईनं सगळ्या डेपोला सांगून ठेवलंय."

"पगार डेपो देतो का रे तुला?"

पोरग्याने पाय पुढे केला. काकांनी मला त्याच्या डाव्या गुडघ्यावर आवळले, फोटो काढला, आणि क्लबने कळवले की गुडघा दुखावला आहे, पाठवता येत नाही. पुढच्या पत्राच्या वेळी काका घाईत होते. त्यांनी मला उजव्यावर बांधले. कुणाच्या लक्षातही आले नाही. आत खणखणीत गुडघा, वर मी. मित्रांनो, खोटे मी बोललो नाही. माझ्याकडून वदवून घेतले.

तिसऱ्या वेळी स्पर्धा मोठी होती. वर्तमानपत्रांनी ओरड केली, संघाने क्लबला दमात घेतले, आणि भिंगरी गेला. पहिल्याच सामन्यात तो नेहमीसारखा वळला. अंग वळले, पाय गवतात रुतून राहिला. पोरगा परत आला तो दोन कुबड्यांवर. शल्यविशारदांनी सांगितले, "उजव्या गुडघ्यातला बंध तुटलाय. लवकर शस्त्रक्रिया केली तर पळेल. उशीर केलात तर विसरा." आणि रुग्णालयाने विचारले, खर्च कुणाच्या नावावर लिहू?

त्यासाठी राष्ट्रीय संघाचे डॉक्टर आमच्या खोलीत आले. भिंगरी मालिशच्या टेबलावर पाय लांब करून बसला होता. त्याची ताई ड्युटीवरून गणवेशातच आलेली.

"तुमच्याकडे खेळताना मोडला, खर्च तुमचा," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी शांतपणे दोन फोटो टेबलावर ठेवले. "हा डावा, हा उजवा. तुम्हीच पाठवलेत. दोन्ही गुडघे आधीचेच गेलेले. उलट तुमचा मोडका माल आम्ही सांभाळून घेतला म्हणा!"

साहेबांनी फोटो हळूच बाजूला सरकवले. खर्च मागायचा तर खोटेपणा कबूल करायला हवा होता.

"ते दुखणं खोटं होतं," भिंगरीच म्हणाला.

"असं? म्हणजे तू संघाला फसवलंस. त्यावर बंदी येते, माहीत आहे ना?"

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. काका तेलाच्या बाटल्या उगाच मांडत राहिले. बोलली ती ताई.

"वा! गोल मारला की ह्याचा फोटो दोघांच्याही भिंतीवर, आणि गुडघा फुटला की हा कुणाचाच नाही. माझ्या बसखाली कुणी आलं तर आधी त्याला दवाखान्यात नेतात, मग चूक कुणाची ते बघतात. तुम्ही डॉक्टर ना हो?"

"बाई, नियम असतात."

"मग नियमांना मलम लावा. माझ्या भावाला कशाला बोलावलंत?"

मी खुंटीवरून सगळे पाहत होतो. दोन्ही बाजूंनी फोटो उलटेपालटे करून पाहिले. टेबलावरच्या सुजलेल्या गुडघ्याला कुणी हातसुद्धा लावला नाही. "दुखतंय का?" हे दोन शब्द कुणाला सुचले नाहीत.

प्रकरण समितीकडे गेले. समितीने दोन्ही बाजूंना चहा पाजला आणि पुढची तारीख दिली. शेवटी ताईने कर्ज काढून शस्त्रक्रिया करवली. पण फार उशिरा. भिंगरीचा गुडघा आता अर्ध्यावर अडतो. त्या काळात मी त्याच्याच पायावर होतो, खऱ्या दुखण्यावर. त्याने जिन्याचा कठडा धरला की माझ्या पोलादालाही कळ लागायची. क्लबने करार संपू दिला. तो आता बस डेपोच्या खिडकीत पास देतो. बसून करायचे काम आहे.

आपले बूट न्यायला तो एकदा आला, तेव्हा मला पायावरून सोडवून पिशवीत टाकू लागला. ताईने मला त्याच्या हातातून घेतले आणि साहेबांच्या देखत खुंटीला अडकवले.

"राहू दे हा इथेच. लागेल ह्यांना."

मित्रांनो, तुम्ही सामने बघता, घसा फुटेस्तोवर ओरडता. तेव्हा माझ्यासाठी एवढे करा. एखाद्याच्या गुडघ्याला पट्टा दिसला तर तो कुणाचा खेळाडू हे नंतर विचारा. आधी त्याला विचारा, दुखतंय का? आणि उत्तर त्याचे त्याला देऊ द्या. पट्टा नीट वापरा म्हणून कारखान्याने माझ्यावर सूचना चिकटवली होती. माणूस नीट वापरा असे कुणी कुठे चिकटवत नाही.

परवा पुन्हा पत्र आले. क्लबात एक नवा पोरगा आहे, त्याचे बोलावणे. काकांनी मला खुंटीवरून काढले. पोरगा बावरून साहेबांकडे बघत होता. त्याचा गुडघा मला लागला, तो गरम, कोवळा, अगदी धडधाकट होता.

"साहेब, डावा की उजवा?" काकांनी विचारले.

साहेबांनी मानही वर केली नाही.

"कुठलाही बांधा. पण ह्या खेपेला कुठला ते लक्षात ठेवा."