टाकलेल्या पेटीचा पत्ता

तुमच्या-आमच्या प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, जी कुणाला नकोही असते आणि टाकवतही नाही. पलंगाखाली किंवा दाराआड ती मुकाट पडून असते आणि झाडताना रोज केरसुणीच्या आड येते. टापटीपच्या घरात ती वस्तू म्हणजे सासूबाईंची लाकडी पेटी.

टापटीप हे काही तिचं खरं नाव नव्हे. विमा कचेरीत तिच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असायच्या, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नवराही लाडात आला की याच नावाने हाक मारी. तीन खोल्यांचं घर तिने आरशासारखं ठेवलं होतं. जुनं झालं की टाकायचं, नवं आणायचं, हा तिचा खाक्या. प्लास्टिकचे डबे वर्षभरात तडकत. ती ते काळ्या पिशवीत कोंबून, वर घट्ट गाठ मारून जिन्याखाली ठेवी आणि "गेली बाई एकदाची पीडा!" म्हणत हात झटकी. त्यात तिला खरोखर सुख वाटे.

चार महिन्यांपूर्वी सासूबाई कायमच्या राहायला आल्या. उभी हयात त्यांनी सुईणीचं काम केलं होतं. घरोघर जाऊन बाळंतपणं करायची, जखमा बांधायच्या, औषधपाणी बघायचं. खुब्याचं हाड मोडल्यापासून काठी हातात आली आणि एकटीने राहणं सुटलं. येताना त्यांनी कपड्यांची एक बॅग आणली आणि ही पेटी. हातभर लांब, कोपरे झिजलेले, एक बिजागरी निखळलेली. आतले खण रिकामे, पण औषधाचा उग्र वास अजून तसाच.

"आई, हिचं काय करायचं?" टापटीपने दोनदा विचारलं.

"राहू दे गं कोपऱ्यात. तिला का खायला घालायचंय?" सासूबाई हसून म्हणाल्या.

त्या गुरुवारी नवरा सासूबाईंना डोळे तपासायला घेऊन गेला. टापटीपने रजा काढून साफसफाई काढली. पलंगाखाली पेटीच्या तळाशी भुग्याची बारीक ओळ दिसली आणि तिच्या अंगावर काटा आला. वाळवी लागली असली तर? सगळं घर पोखरून काढील! घाईघाईत पेटी ओढताना धक्का लागून टेबलावरचा काचेचा पेला फुटला. तिने काचा सुपलीत भरल्या, तशाच काळ्या पिशवीत ओतल्या, गाठ मारली. पिशवी आणि पेटी दोन्ही जिन्याखाली गेली. कचऱ्याची गाडी आली, दोन्ही उचलून गेली.

संध्याकाळी परत आल्यावर सासूबाई पलंगाखालून घरातली चप्पल काढायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"पेटी दिसत नाही."

"आई, ती पार कुजली होती. भुगा पडत होता. मी... टाकली."

सासूबाई सावकाश पलंगावर टेकल्या. "बरं केलंस. तुला अडचणच होत होती," एवढंच म्हणाल्या आणि काठी भिंतीला लावून ठेवली. टोमणा नाही, रुसवा नाही. दोन शब्द बोलल्या असत्या तर टापटीपनेही चार बोलून मन मोकळं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यापर्यंत चालताना नवरा म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होतो. त्या पेटीचा पट्टा खांद्याला अडकवून आई निघायची. त्या पेटीने आम्हाला वाढवलं."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. चूक दोघांची."

टापटीप कचेरीत गेलीच नाही. विचारत विचारत तिने कचरा निवडण्याची शेड गाठली. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना ढीग, आणि त्या ढिगांपुढे बसून कागद, बाटल्या, चिंध्या वेगळ्या करणाऱ्या आठ-दहा बाया. हातमोजे होते, पण त्यांतून बोटं बाहेर डोकावत होती. तिने नाकाला रुमाल लावला, मग लाज वाटून काढला.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेली मुकादमबाई पुढे आली. "ताई, वाट चुकलात का?"

"काल इथे एक लाकडी पेटी आली का? चुकून टाकली गेली."

"चुकून?" मुकादमबाईने चष्म्यावरून बघितलं. "एवढी जड पेटी चुकून जिना उतरत नाही, ताई."

टापटीपचा चेहरा गोरामोरा झाला. मुकादमबाईने कोपऱ्याकडे बोट केलं. दोन विटांवर पेटी ठेवली होती. ओल्या फडक्याने लख्ख पुसलेली, निखळलेली बिजागरी तारेने बांधलेली. आत सगळ्यांचे जेवणाचे डबे ओळीने मांडले होते.

"आमचे डबे खिळ्याला टांगायचो. उंदीर पिशव्या कुरतडायचे," मुकादमबाई सांगू लागली. "काल ही पेटी आली तर सगळ्याजणी तिच्यावर तुटून पडल्या. शेवटी ठरलं, कुणा एकीची नाही, सगळ्यांची. काय लाकूड आहे हो! फळ्यांची टोकं बोटांत बोटं घालावी तशी बसवलीत, एक खिळा नाही. भुगा म्हणाल तर जुना आहे, किडा कधीच मेलाय. झटकला की झालं."

टापटीपला परत मागवेना. पण तिचा चेहरा पाहून बाया आपणहून उठल्या, डबे बाहेर काढू लागल्या. त्यांतली एक डाव्या हाताने काढत होती. उजव्या हाताला मळकी चिंधी गुंडाळलेली, तिच्यावर सुकलेलं रक्त.

"काय झालं हाताला?"

"काच, ताई. काळ्या पिशवीत होती. वरून कळत नाही ना."

"कधी?"

"काल."

टापटीपच्या डोळ्यांपुढे सुपलीतल्या काचा आल्या. "कुठल्या... कुणाच्या पिशवीत होती?"

"ते कसं कळणार? शहरात काळ्या पिशव्या काय थोड्या आहेत?"

मुकादमबाई शांतपणे म्हणाली, "रागावून नाही सांगत, ताई. तुम्ही म्हणता, टाकलं. टाकलं म्हणजे संपलं, असं वाटतं तुम्हाला. पण संपत काहीच नाही. तुमच्या दारातून निघतं आणि आमच्या हातात येतं. 'टाकलं' नावाचं गाव कुठे असलं, तर ते हे. आणि इथे माणसं राहतात!"

पेटी फाटकापर्यंत पोचवायला दोघीजणी आल्या. एकीच्याही कपाळावर आठी नव्हती. रिक्षात बसताना टापटीपला रडू फुटलं.

घरी येऊन तिने सासूबाईंना सगळं सांगितलं, काचेचंही. सासूबाईंनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "जखम खोल होती का? धुतली होती का तिने? बोट वाकत होतं?" त्यांनी एकामागून एक विचारलं. टापटीपने यांतलं काहीच विचारलं नव्हतं.

"माझ्याच पेल्याची काच असेल, आई."

"असेल, नसेल. दुसऱ्या कुणाची असली तर तिचं दुखणं कमी होतं का?" सासूबाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "आणि तू माझ्यासाठी तिथवर गेलीस, हे मी विसरायची नाही. पण ऐक. ही पेटी ज्या घरी जायची, त्या घरच्या कामाला यायची. मी तिला चार महिने पलंगाखाली निजवून ठेवली. त्या बायांनी एका दिवसात कामाला लावली! त्यांची आहे ती. फक्त अशी तारेने बांधलेली नाही हो द्यायची."

शनिवार-रविवार घरात भुसाच भुसा झाला आणि टापटीप चक्क गप्प राहिली! तिने पॉलिशपेपरने पेटी घासली. वरचा काळा थर निघाला तशी खालून मधासारखी रंगछटा उजळली. नवऱ्याने नव्या बिजागऱ्या बसवल्या, त्यात दोनदा अंगठ्यावर हातोडी मारून घेतली आणि दोन्ही वेळा हातोडीलाच दोष दिला. शेजाऱ्यांनी टाकायला काढलेल्या मोडक्या कपाटाच्या फळ्या कापून आत नवे खण केले, त्यांच्याच जुन्या पडद्याचं जाड कापड तळाला लावलं. सासूबाईंनी गॅलरीतल्या कुंडीतली पानं खुडली, हिरव्या रंगात बुडवली आणि झाकणावर एकेक हळुवार दाबली. पान उचललं की शिरांसकट त्याचा ठसा उमटे. बघता बघता झाकणावर वेल चढली. वरच्या खणात कापूस, पट्ट्या, जखमेवरचं औषध, कात्री. खाली डब्यांची जागा.

"आई, हे टोक जरा घट्ट धरा," कापड ताणताना टापटीप म्हणाली.

सासूबाईंनी टोक धरलं आणि हसल्या. डोळे मात्र भरले. "इथे आल्यापासून मला कुणी काम सांगितलं नव्हतं गं. 'बसा आई, राहू द्या आई.' आज बरं वाटलं."

टापटीपने मान खाली घातली. तिला पुष्कळ काही उमगलं.

सोमवारी दुपारी तिघंजण शेडमध्ये गेली. वेलीवरून हात फिरवत एकजण ओरडली, "अगं बाई, ही तीच?" सासूबाई मात्र थेट चिंधीवालीपुढे बसल्या. चिंधी सोडली, जखम धुतली, औषध लावून पांढरीशुभ्र पट्टी बांधली. मग दुसरीने हात पुढे केला. मग तिसरीने. मुकादमबाईने चष्मा काढून पुसला. "एवढी वर्षं इथे काम करतोय, आमचा हात हातात घेणारं कुणी आलं नव्हतं, आजी."

"मी दर सोमवारी येईन," सासूबाई म्हणाल्या आणि शब्दाला जागल्या.

टापटीपनेही इमारतीचे बारा दरवाजे ठोठावले. काच असेल तर जाड कागदात गुंडाळा, लाल पेनाने वर 'काच' लिहा. ओलं-सुकं वेगळं ठेवा. आणि टाकण्याआधी बघा, घासून-पुसून वस्तू अजून चालते का. काहींनी तोंडावर दार लावलं, एकाने "आता हिला कचऱ्यातही टापटीप लागते!" म्हणून टिंगल केली. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली, मग गल्लीतल्या इतर इमारतींतही. हळूहळू लाल अक्षरांची पुडकी दिसू लागली. एका सोमवारी मुकादमबाईने सासूबाईंबरोबर मुद्दाम निरोप धाडला: तुमच्या गल्लीची गाडी आता आम्ही न घाबरता रिकामी करतो. देव तुमचं भलं करो.

तो निरोप ऐकून टापटीप म्हणाली, "आभार त्यांनी का मानायचे? आभार तर आपण मानायला हवेत. आपलं घर स्वच्छ दिसतं ते त्यांच्या हातांमुळे!"

मंडळी, वस्तू टाकता येते, तिची जबाबदारी टाकता येत नाही. म्हणून काहीही हातातून सोडण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: हे आता कुणाच्या हातात जाणार आहे?