बार उडाल्यापासूनची वेळ

मित्रांनो, मनगटावर बांधायचं साधं, काळ्या पट्ट्याचं घड्याळ मी. काचेवर तीन ओरखडे आहेत आणि दिव्याचं बटण कधीच गेलं. ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे एका ताटात माझी दोनशे भावंडं होती. त्यांतलं आज एकही चालत असेल असं मला वाटत नाही. माझ्या पोटात करामत एकच. बटण दाबलं की मी शून्यापासून पळायला लागतो आणि पुन्हा दाबेपर्यंत थांबत नाही. आयुष्यभर तेवढंच केलं आणि चोख केलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढे आहे.

मला बाबा शेझींनी डर्बनमध्ये, टॅक्सी अड्ड्याजवळच्या एका दुकानातून घेतलं. ते बेकरीत भट्टीवर होते. पहाटे पाव काढायचे आणि मंगळवारी, शनिवारी संध्याकाळी आमच्या पिवळ्या बनियानवाल्या क्लबाबरोबर डोंगरात पळायचे. पुढे क्लबानं त्यांना बसचा ड्रायव्हर केलं, आणि माझं नशीब उघडलं.

आमची बस चाकांची नव्हे. शर्यतीत मागून पळणारी साठसत्तर माणसं एका चालीनं, एकमेकांना धरून जातात, तिला आम्ही बस म्हणतो. काठीला झेंडा लावून जो पुढे पळतो तो ड्रायव्हर. तो म्हणाला, "ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत चाला," की सगळ्यांनी चालायचं. "पळा" म्हणाला की पळायचं. चढ लागला की गाणं धरायचं, म्हणजे कुरकुर करायला तोंड मोकळं राहत नाही. आणि बसमध्ये घड्याळ एकच, ड्रायव्हरचं. बाकीच्यांनी मनगट उघडं ठेवायचं. हा नियम बाबा शेझींनीच घातला होता.

"सत्तर घड्याळं झाली की सत्तर ड्रायव्हर होतात," ते म्हणायचे. "उतरवा ती. माझ्यावर भरवसा नसेल तर खुशाल एकटे पळा."

वर्षातली मोठी शर्यत चार टेकड्यांची, पन्नास किलोमीटरची. सात तासांत पोचायचं. सात तास मोजायचे ते बंदुकीचा बार उडाल्यापासून. तुम्ही गर्दीत कितीही मागे उभे असा, सुरुवातीची रेघ ओलांडायला तुम्हाला कितीही वेळ लागो, बार तो बार. सात तास झाले की मैदानात दोरी आडवी धरतात. दोरीच्या अलीकडे असलेल्याला पदक नाही. वाटेत कुठे मोठं घड्याळ लावत नाहीत, फक्त किलोमीटरच्या पाट्या असतात. म्हणून बार ऐकू आला की बाबा शेझी जागच्या जागी माझं बटण दाबायचे. मी अकरा वर्षं त्यांची बस वेळेत पोचवली. मैदानात बायका माझ्या काचेवर ओठ टेकवायच्या. खरं सांगतो, मी फुगलो होतो.

मग नोकुलुंगा आली. तिशीची, टपालखात्यातली, पायाला भिंगरी लावलेली. तिच्या मनगटावर ते होतं. रंगीत. नाडीचे ठोके सांगायचं, नकाशा दाखवायचं, रात्री झोप किती झाली तेही सांगायचं. क्लबातली सगळी माणसं तिच्या हातावर वाकून बघायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. अरे, झोप किती झाली ते माणसाला जाग आल्यावर कळत नाही का? त्यासाठी घड्याळ कशाला लागतं?

त्या वर्षी बाबा शेझींचा गुडघा सुजला. सभेत चिटणीस फार गोड बोलला.

"बाबा, तुमच्या गुडघ्याला विश्रांती हवी. झेंडा नोकुलुंगाकडे देऊ या का?"

सगळे हात वर गेले. बाबा शेझींनी सगळ्यांत आधी वर केला, हसत हसत. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला खणात टाकलं आणि खण असा ढकलला की वरचा कप पडला. औषधांच्या पाकिटांत आणि रबरांच्या गुंत्यात मी दोन वर्षं पडून होतो. सेल संपला, तोंड कोरं झालं. त्या रंगीत घड्याळाला मी तिथून जितकं कोसलं तितकं कुणी वैऱ्यालाही कोसू नये.

तिसऱ्या वर्षी गुडघा बरा झाला आणि बाबा शेझींनी बसमध्ये नाव दिलं, साधे प्रवासी म्हणून. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला नवा सेल घातला. सकाळी मला बांधलं आणि वरून घाम पुसायची जाड पट्टी ओढली. मी लगेच ओळखलं. स्वतःचाच नियम मोडून ते मला घेऊन चालले होते, कारण त्यांना नोकुलुंगाची चूक पकडायची होती. मलाही तेच हवं होतं.

गर्दी ही! आमची बस सगळ्यांत मागे. बार उडाला. पट्टीखाली बोट घालून बाबा शेझींनी माझं बटण दाबलं. पुढे नोकुलुंगा झेंडा काखेत धरून माणसं मोजत होती. मुंगीच्या पावलानं आम्ही रेघेशी पोचलो तोवर माझ्यात नऊ मिनिटं झाली होती. रेघेवर पाय पडताच तिचं घड्याळ टुणकन वाजलं. माणसं मोजण्याच्या नादात ह्या वर्षी बाराची वेळ धरायची राहिली; छोट्या शर्यतींत रेघेपासूनच वेळ धरतात, तीच सवय तिच्या बोटाला लागली होती.

दहाव्या पाटीपाशी नोकुलुंगानं झेंडा उंच केला. "मंडळी, एक तास तेवीस मिनिटं. सहा तास पंचावन्नला मैदानात उतरतो. बसा निवांत."

बाबा शेझींनी पट्टी बोटभर सरकवली. मी दाखवलं, एक तास बत्तीस. त्यांची नाडी माझ्या पाठीवर धाडधाड वाजायला लागली. अकरा वर्षं हिशेब केलेला माणूस, त्यांना कळायला क्षणही लागला नाही. ह्या चालीनं बस सात तास चार मिनिटांनी पोचणार होती, म्हणजे दोरीच्या अलीकडे. आत्ता सांगितलं तर प्रत्येक किलोमीटरला सहासात सेकंद काढायचे होते, बस्स. बुटाची नाडी बांधायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

त्यांनी पट्टी परत ओढून घेतली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! होऊ दे शोभा, मी म्हटलं. कळू दे सगळ्यांना रंगीत काचेत काय असतं ते.

त्यांच्या शेजारी माम्चुनू पळत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचं जेवण रांधणारी, अठ्ठावन्न वर्षांची, भक्कम बांध्याची बाई. मुलं तिला मामा म्हणतात, आमच्याकडे त्याचा अर्थ आई. चार वर्षं ती ही शर्यत पळतेय आणि चारही वेळा दोरीच्या अलीकडे राहिलीय. गेल्या वर्षी चाळीस सेकंदांनी.

"बाबा, ह्या वेळी पोरगी बस काय मऊ चालवतेय," ती म्हणाली. "पाय दुखतसुद्धा नाहीत."

"हूं," बाबा शेझी म्हणाले.

"सोमवारी पोरं ताट घेऊन रांगेत येतात ना, पहिला प्रश्न हाच, मामा, पदक कुठाय? एक टग्या तर म्हणाला, मामा, तुम्ही पळता की नुसत्या बसने फिरून येता? ह्या वर्षी डाव त्याच्या डोक्यात घालायच्या आधी पदक दाखवणार आहे."

मागचे हसले. बाबा शेझींचं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "शेझींच्या वेळी किती धावपळ व्हायची, नाही? ही बरी." आणि ते तोंड मिटलं. विसावी पाटी गेली, तिसावी गेली. बाबा शेझी मूग गिळून पळत होते आणि मी पट्टीखाली सेकंद मोजत मजा बघत होतो.

अडतीसाव्या पाटीशी माम्चुनूनं खिशातून मिठातला उकडलेला बटाटा काढला आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

"खा. तुम्हीच शिकवलंत, चढाआधी मीठ पोटात पाहिजे म्हणून."

त्यांनी तो खाल्ला नाही, मुठीत तसाच धरून ठेवला. मला त्यांच्या मनगटावरून कळत होतं. त्यानंतर त्यांनी मला तीनदा बघितलं आणि तीनदा झाकलं.

शेचाळीसाव्या पाटीला बैलबशीचा चढ सुरू होतो. पूर्वी तिथे गाड्यांचे बैल खाली बसायचे, म्हणून ते नाव. नोकुलुंगा ओरडली, "सहा बावीस. चार किलोमीटर, वेळच वेळ आहे. वरच्या खांबापर्यंत चाला."

सगळे सुटकेनं चालायला लागले. माम्चुनूनं गाणं धरलं. तेव्हा बाबा शेझी धावत पुढे गेले.

"पोरी, घड्याळ कुठे चालू केलंस?"

"रेघेवर, बाबा. का?"

"बार उडाला तेव्हा नाही?"

तिचा चेहरा राखेसारखा झाला. बाबा शेझींनी पट्टी काढून मला पुढे धरलं. सहा एकतीस. चार किलोमीटर, त्यात हा चढ, आणि एकोणतीस मिनिटं.

"तुम्ही घ्या, बाबा," तिनं झेंडा त्यांच्या हातात कोंबला. "मला काही सुचत नाहीये. तुम्ही न्या."

दोन वर्षं ज्याच्यासाठी आम्ही दोघं झुरलो ते असं हातात आलं.

"चालायचं नाही," बाबा शेझी ओरडले. "घड्याळ चुकलंय. सगळे पळा. बस कुणासाठी थांबणार नाही."

गाणं तुटलं. बैलबशीवर कुणी पळत नाही, पण त्या दिवशी आमची माणसं पळाली. कुणी पोटऱ्या धरून, कुणी शिव्या देत. बाबा शेझींनी चारदा मागे वळून पाहिलं. माम्चुनू पहिल्यांदा वीस पावलं मागे होती, मग पन्नास, मग नुसतं पिवळं बनियान दिसत होतं. बेचाळीस सेकंद राखून बस मैदानात शिरली. चौसष्टांतले सत्तावन्न. मग दोरी आडवी झाली. माम्चुनू कोपऱ्यावरून वळत होती. दोरीपाशी पोचली तेव्हा माझ्यात सात तास आणि सव्वीस सेकंद झाले होते.

क्लबच्या तंबूत सगळ्यांना मक्याची आंबील वाटत होते. नोकुलुंगा बाबा शेझींसमोर गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली.

"माझी चूक झाली. तुम्ही नसतात तर एकही पोचला नसता."

माम्चुनू गवतावर बूट काढून बसली होती. तिनं बाबा शेझींचं मनगट ओढून घेतलं आणि डोक्याच्या रुमालाच्या टोकानं माझी काच पुसायला लागली.

"नियम मोडून बांधलंत ते बरं केलंत, बाबा," ती म्हणाली. "किती जुनं आहे, पण कसं चोख. माझं राहिलं तर राहिलं. एवढ्यांचं तरी झालं."

दोन वर्षं खणात पडून मी ह्याच कौतुकाची वाट पाहत होतो. ते मिळालं आणि मला वाटलं, आत्ताच्या आत्ता सेल संपावा.

बाबा शेझींनी नोकुलुंगाकडे बघितलं. मग म्हणाले, "रडू नकोस, पोरी. मला दहाव्या पाटीला कळलं होतं."

कुणाला आधी समजलंच नाही.

"दहाव्या. मी बघितलं होतं. आणि बोललो नाही. झेंडा तुझ्याकडे होता, ते मला सहन होत नव्हतं."

आंबिलीचं भांडं फिरायचं थांबलं. माम्चुनूचा हात माझ्या काचेवर होता. तो तिनं काढून घेतला. रागानं नाही, गरम भांड्यावरून काढतात तसा. रुमाल नीट घडी करून तिनं मांडीवर ठेवला.

"उद्या तीनशे पोरं रांगेत येतील," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू, बाबा? तुम्हीच सांगा."

मला तर बोलताच येत नाही.

मित्रांनो, निरोप घेताना 'आम्हा जुन्या वस्तूंना जपा' असं तुमच्याकडे मागायची आमच्यात रीत आहे. मला ते मागायला तोंड नाही. तुम्हाला कुणाचा हेवा वाटला तर वाटू दे, तो मलाही वाटला, अजून वाटतो. पण त्याचं चुकतंय हे दिसलं, तर तिथल्या तिथे सांगा. कारण त्याच्या मागून नेहमी कुणीतरी पळत असतं.